मतभेद लिहून द्या

इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा दावा दिवाणी न्यायालयात उभा राहिला की सुनावणीच्या काही आठवडे किंवा महिने आधी दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतात, बहुतेक वेळा फोनवर. एक रुग्णाच्या बाजूचा तज्ज्ञ साक्षीदार, दुसरा रुग्णालयाच्या बाजूचा. दोघांची शाखा एकच असते. प्रसूतितज्ज्ञ प्रसूतितज्ज्ञाशी बोलणार, नवजात बालकांचा डॉक्टर त्याच शाखेतल्या डॉक्टरशी. या बोलण्यात वकील सहसा नसतात. रुग्ण नसतो, आणि ज्याच्यावर ठपका आहे तो डॉक्टरही नसतो. न्यायाधीश तिथे नसतात, पण हे बोलणं घडतं ते त्यांच्याच आदेशावरून. आधी ठरलेल्या प्रश्नावलीतला एकेक प्रश्न घेऊन दोघं चर्चा करतात आणि मग एक संयुक्त निवेदन तयार करून त्यावर सह्या करतात. अमुक मुद्द्यांवर आमचं जुळतं, अमुक मुद्द्यांवर जुळत नाही, आणि जुळत नाही त्याची कारणं ही.

कितीतरी दाव्यांचा निकाल प्रत्यक्षात या बोलण्यातच लागतो. निवेदन हाती आल्यावर एक बाजू माघार घेते किंवा तडजोड होते, आणि सुनावणीची वेळच येत नाही. म्हणून या पद्धतीचं कौतुक नेहमी वेळ आणि पैसा वाचतो या कारणासाठी होतं. मला हे कौतुक अपुरं वाटतं. या बैठकीचं मोल तिथे कारणांसह लिहून द्याव्या लागणाऱ्या मतभेदात आहे. एकमत झालं तर तो वरचा लाभ. भारतात डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींची जी परवड होते तिच्या मुळाशीही हीच उणीव आहे. आपल्याकडे डॉक्टरांमधला मतभेद कागदावर येतच नाही.

आधी इंग्लंडमधली गोष्ट. तिथल्या दिवाणी न्यायपद्धतीची झाडाझडती घेण्याचं काम लॉर्ड वुल्फ यांच्याकडे आलं आणि त्यांचा अंतिम अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी वैद्यकीय निष्काळजीपणाला स्वतंत्र प्रकरण दिलं, कारण पक्षकारांच्या गरजा भागवण्यात न्यायव्यवस्था सर्वांत ठळकपणे कमी पडते ती याच क्षेत्रात, असं त्यांचं निरीक्षण होतं. नुकसानभरपाईच्या मानाने खर्च अवाढव्य, वर्षानुवर्षांचा विलंब, दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल पराकोटीचा अविश्वास. आणि या सगळ्याच्या मध्यभागी तज्ज्ञ साक्षीदार. तज्ज्ञांच्या बैठका तेव्हाही होत. पण वकील आपल्या तज्ज्ञाला पढवून पाठवत: जा, बोल, पण काहीही मान्य करू नकोस, किंवा मान्य केलंस तरी आम्ही होकार दिल्याशिवाय ते पक्कं धरायचं नाही. अशा बैठकीतून काय निघणार? दोन सुशिक्षित माणसं एकमेकांना आपापले अहवाल वाचून दाखवत आणि घरी जात.

२६ एप्रिल १९९९ रोजी नवे दिवाणी नियम लागू झाले. त्यातल्या पस्तिसाव्या भागाने तज्ज्ञाची जागाच बदलली. तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य न्यायालयाला मदत करण्याचं, आणि ज्याने त्याला नेमलं, ज्याच्याकडून त्याला फी मिळते, त्याच्याबद्दलच्या बांधिलकीपेक्षा ते वरचढ, असं नियमात स्पष्ट लिहिलं गेलं. त्याच भागातल्या बाराव्या नियमाने न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर तज्ज्ञांना चर्चेला बसवण्याचा अधिकार दिला. चर्चेत कोण काय बोललं हे दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय खटल्यात काढता येत नाही. तज्ज्ञांचं एकमत पक्षकारांवर आपोआप बंधनकारकही होत नाही. संयुक्त निवेदनावर सही करायला तज्ज्ञाला पक्षकाराची परवानगी लागत नाही, आणि चर्चेनंतर एखाद्याने आपलं मत लक्षणीय बदललं तर का बदललं हे त्याने निवेदनासोबत लिहून द्यायचं, अशा सूचना या नियमांच्या जोडीला आहेत. शेवटची सूचना मला या सगळ्या रचनेचा कणा वाटते. तिच्याकडे पुढे येतोच.

अशा चर्चेत नेमकं काय घडतं हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका बाळंतपणात बाळाच्या मेंदूला इजा झाली. रात्री एक चाळीसपासून बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख बिघडलेला दिसतो. दोन वाजून पाच मिनिटांनी ठोके एकदम खाली येतात आणि वर चढतच नाहीत. दोन पंचवीसला सीझर करून बाळ बाहेर काढलं जातं. रुग्णाच्या तज्ज्ञाचा अहवाल चाळीस पानांचा, रुग्णालयाच्या तज्ज्ञाचाही तेवढाच. दोन्ही वाचणाऱ्या आईवडिलांना वाटतं, ही माणसं दोन वेगळ्या बाळंतपणांबद्दल लिहीत आहेत.

मग दोन प्रसूतितज्ज्ञ चर्चेला बसतात. एक चाळीसचा आलेख ठीक नव्हता हे दोघांनाही मान्य. त्या वेळी ज्येष्ठ डॉक्टरांना बोलवायला हवं होतं, हेही मान्य. फाटा फुटतो तो पुढे. रुग्णाचा तज्ज्ञ म्हणतो की आलेख पाहताक्षणी ज्येष्ठ डॉक्टरांनी सीझरचा निर्णय घ्यायला हवा होता, आणि तातडीच्या सीझरला अर्ध्या तासाचा दंडक धरला तर दोन पंधराच्या आत बाळ बाहेर आलं असतं. रुग्णालयाचा तज्ज्ञ म्हणतो की त्यांनी आणखी वीस मिनिटं आलेख पाहायचं ठरवलं असतं तरी ते वाजवीच होतं, आणि मग बाळ जन्मलं त्याच वेळेला जन्मलं असतं. दुसरीकडे नवजात बालकांचे दोन तज्ज्ञ बोलतात. प्राणवायूचा पुरवठा अचानक आणि जवळजवळ पूर्ण तुटला तर पहिली सुमारे दहा मिनिटं मेंदू तग धरतो आणि त्यानंतर इजा मिनिटागणिक वाढत जाते, हे इंग्लंडमधल्या अशा दाव्यांत दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ सहसा मान्य करतात. म्हणजे दोन पंधराच्या आत जन्म झाला असता तर बाळ बहुधा धडधाकट असतं. ऐंशी पानांचं भांडण आता एका प्रश्नावर येऊन थांबलं: तो आलेख समोर असताना वीस मिनिटं थांबणं वाजवी होतं का? हा प्रश्न न्यायाधीशाला समजतो. आईला समजतो. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरलाही समजतो, आणि त्याने प्रामाणिक मनाने विचार केला तर पुढच्या रात्री त्याच्या उपयोगी पडतो. दोघांनी ‘आमचं पटत नाही’ एवढंच लिहून सही केली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

इथे इंग्लंडच्या कायद्यातली एक अवघड जागा लक्षात घ्यायला हवी. १९५७ च्या बोलॅम खटल्यापासून तिथली कसोटी अशी आहे की त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जी कृती योग्य वाटली असती, ती करणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही; दुसरा गट वेगळं वागला असता म्हणून त्याला दोष देता येत नाही. ही कसोटी भारतातही चालते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात तिला दुजोरा दिला. तिचा परिणाम असा की रुग्णाचा तज्ज्ञ चर्चेत एवढंच म्हणाला की, ‘मी स्वतः तसं केलं नसतं, पण काही चांगले डॉक्टर तसं करतील,’ तरी दाव्यातला जीव गेला. एवढ्या ओझ्याचं वाक्य वकिलांशिवाय, रुग्णाशिवाय, बंद दाराआड उच्चारलं जातं.

१९९७ साली बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने या कसोटीला एक अट जोडली. तज्ज्ञांचं मत तर्काच्या कसोटीवर टिकलं पाहिजे. केवळ काही डॉक्टर तसं म्हणतात म्हणून न्यायालयाने ते स्वीकारावं असं नाही. माझ्या मते ही अट संयुक्त निवेदनातच पहिल्यांदा पाळली गेली पाहिजे. ‘काही चांगले डॉक्टर तसं करतील’ एवढ्यावर कोणालाही सुटू देऊ नये. ते कोणत्या परिस्थितीत तसं करतील, कोणता धोका पत्करून, कोणत्या फायद्यासाठी, हे दोघांनी लिहायला हवं. कारण मागितलं की कितीतरी गुळमुळीत वाक्यं तिथेच गळून पडतात.

बंद दाराआड काय बिघडू शकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण जोन्स विरुद्ध केनी हे आहे. तो दावा वैद्यकीय निष्काळजीपणाचा नव्हता, रस्त्यावरच्या अपघाताचा होता. पण घोळ झाला तो तज्ज्ञांच्या चर्चेतच. २००१ साली लिव्हरपूलमध्ये मोटरसायकलवर थांबलेल्या एका माणसाला दारू प्यायलेल्या चालकाने धडक दिली. शारीरिक जखमांबरोबर मानसिक आघातही झाल्याचं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्या बाजूच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अहवालाने त्याला पाठबळ दिलं होतं. न्यायालयाने दोन्ही तज्ज्ञांना चर्चा करून संयुक्त निवेदन द्यायला सांगितलं. चर्चा फोनवर झाली. निवेदनाचा मसुदा समोरच्या तज्ज्ञाने केला आणि या बाईंनी त्यात काहीही न बदलता सही केली. निवेदन वादीच्या मुळावर आलं: आघातानंतरचा मानसिक विकार नाही, आणि वादीचं वागणं फसवेपणाचं वाटतं. वादीच्या वकिलांनी विचारल्यावर बाईंनी दिलेलं उत्तर दाव्यात नमूद आहे. समोरच्या तज्ज्ञाचे अहवाल त्यांनी पाहिलेच नव्हते. फोनवर जे ठरलं ते मसुद्यात नीट उतरलं नव्हतं. आणि सही करताना त्यांना दडपण आल्यासारखं वाटलं होतं. तोवर उशीर झाला होता. न्यायालयाने तज्ज्ञ बदलू दिला नाही आणि वादीला बऱ्याच कमी रकमेवर समाधान मानावं लागलं.

पुढे त्याने आपल्याच तज्ज्ञावर दावा केला. तज्ज्ञ साक्षीदारावर त्याच्या साक्षीबद्दल दावा करता येत नाही, हे संरक्षण तिथे काही शतकं चालत आलेलं होतं. ३० मार्च २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ते काढून टाकलं. चर्चा झाली ती मुख्यतः या संरक्षणाची. मला मात्र त्या सहीचं वाईट वाटतं. एका शिकल्यासवरल्या, अनुभवी बाईला ‘हे मी म्हटलं नव्हतं’ एवढं चार शब्दांचं वाक्य मसुद्याच्या कडेला लिहिता आलं नाही. आपल्याच व्यवसायातल्या माणसापुढे नमणं ही माणसाची जुनी सवय आहे, आणि वैद्यकात ती शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून मुरवली जाते. वॉर्डात सरांच्या राउंडला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. दावा लावण्याची भीती दाखवून ही सवय जाणार नाही. मत बदललंत तर का बदललंत हे लिहून द्या, ही अट मात्र तिला आळा घालू शकते, कारण ज्याला खरंच पटलेलं नाही त्याला ‘का पटलं’ याचा परिच्छेद लिहिता येत नाही.

नमण्याच्या या भीतीपोटी २००१ साली हबर्ड नावाच्या एका वैद्यकीय दाव्यात रुग्णाच्या बाजूने अशी बैठकच नको म्हणून अपील केलं होतं. न्याय्य सुनावणीच्या मानवी हक्काचाही आधार त्यात घेतला होता. अपील न्यायालयाने ते फेटाळलं. चर्चेतलं एकमत बंधनकारक नाही आणि तज्ज्ञांना पुढे साक्षीत प्रश्न विचारता येतात, तेव्हा हक्क हिरावला जात नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. न्यायाधीशांमध्ये ब्रेंडा हेल होत्या. गरज पडेल तिथे एखादी तटस्थ व्यक्ती चर्चेचं संचालन करू शकेल, असं त्यांनी सुचवलं. दहा वर्षांनी जोन्स खटल्यात त्याच लेडी हेल तज्ज्ञांचं संरक्षण कायम ठेवावं म्हणणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी एक होत्या. मला या दोन भूमिकांत विसंगती दिसत नाही. तज्ज्ञाला मोकळेपणाने बोलू द्या, हा दोन्हींच्या मागचा आग्रह आहे.

मग वकिलांनाही आत बसू द्यावं का? रुग्णांच्या बाजूने काम करणारे लोक ही मागणी करत आले आहेत, आणि तिच्यामागची काळजी खरी आहे. तरी मला ती मान्य नाही. वकील समोर बसला की डॉक्टर वकिलासाठी बोलू लागतो. ‘इथे माझं चुकलं होतं, तुमचा मुद्दा बरोबर आहे,’ हे वाक्य माणूस ज्याच्याकडून फी घेतो त्याच्या देखत म्हणत नाही. बोलणं गुप्त ठेवण्याचंही मी समर्थन करतो ते याच कारणाने. वकिलांची जागा बैठकीच्या आधी आहे: प्रश्नावली तयार करताना. इंग्लंडमध्ये प्रश्नावलीचा पहिला मसुदा सहसा वादीचे वकील करतात, आणि प्रश्न नीट विचारला गेला तर पळवाटा तिथेच बुजतात. ‘उपचार योग्य होते का?’ या प्रश्नाला कोणीही कसंही उत्तर देईल. ‘एक चाळीसला ज्येष्ठ डॉक्टर आले असते तर त्यांनी काय करायला हवं होतं, आणि का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. याचं टोकही इंग्लंडने पाहिलं आहे. प्रश्नावली प्रश्नांनी फुगते, दोन्ही बाजू आपापली वेगळी प्रश्नावली पुढे करतात, तज्ज्ञ निवेदनात आपला जुना अहवाल उतरवून काढतात, आणि न्यायाधीशांना निकालपत्रात खरमरीत शब्द लिहावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनेही तज्ज्ञांच्या संयुक्त बैठका नियमात आणल्या, आणि पुढे जाऊन दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकाच वेळी साक्षीसाठी बसवून एकमेकांना प्रश्न विचारू देण्याची पद्धत तिथे रुळली.

आता आपल्याकडे येऊ.

या विषयातला भारतातला एक पायाभूत निकाल महाराष्ट्रातला आहे: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं, आणि ९ मे रोजी तिथे तो दगावला. भूल न देता, नुसतं मॉर्फिया देऊन हाड बसवलं आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असं वडिलांचं म्हणणं. डॉक्टरांच्या मते मृत्यू चरबीचे कण रक्तात गेल्यामुळे झाला. मृत्यूचं कारण काय, हा शुद्ध वैद्यकीय प्रश्न सर्वोच्च न्यायालयात सुटेपर्यंत १९६८ साल उजाडलं. निकाल वडिलांच्या बाजूने लागला. भरपाई तीन हजार रुपये.

दुसरा गाजलेला खटला डॉ. कुणाल साहा यांचा. त्यांची पत्नी अनुराधा हिला कोलकात्यात त्वचेच्या जीवघेण्या विकारावर स्टेरॉइडचं इंजेक्शन मोठ्या प्रमाणात दिलं गेलं, आणि मे १९९८ मध्ये मुंबईत तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ साली भरपाई सहा कोटींच्या जवळ नेली. तो मात्रेचा प्रश्न किती अरुंद होता पाहा: ते औषध, त्या आजारात, त्या प्रमाणात, त्या अंतराने द्यावं का? दोन त्वचातज्ज्ञांना एका टेबलाशी बसवून, कारणांसह उत्तर लिहून द्या म्हटलं असतं तर दुपारभरात वाद कशाचा आहे ते स्पष्ट झालं असतं. दोन्ही खटल्यांना लागलेली वर्षं सारखीच, पंधरा.

आणि दोन्ही खटल्यांत आणखी एक गोष्ट सारखी आहे, जी मला सतत टोचते. गोडबोले स्वतः डॉक्टर होते. साहाही डॉक्टर आहेत. आपल्या देशात रुग्णाच्या बाजूने वैद्यकीय ज्ञान उभं राहिलं ते घरातच होतं म्हणून. ज्याच्या घरात डॉक्टर नाही त्याने काय करायचं? दुसऱ्या डॉक्टरकडे कागद घेऊन जायचं. तो खासगीत मान हलवेल, ‘हे व्हायला नको होतं’ असं म्हणेलही, पण लिहून देणार नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून आपल्याच व्यवसायातले गैरप्रकार उजेडात आणले. म्हणजे सांगण्यासारखं आणि सांगणारं माणूस, दोन्ही आहे. एका विशिष्ट प्रकरणात, सहकाऱ्याच्या विरोधात, सही करून सांगण्याची वेळ आली की मात्र तोंडं मिटतात. इंग्लंडमधल्या बैठकीची सगळी उभारणी दोन तज्ज्ञ आहेत या गृहीतावर आहे. आपल्याकडे दुसरा तज्ज्ञच येत नाही.

ही जागा आपण समितीने भरून काढली. जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी पोलिसांनी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं मत घ्यावं. हेतू चांगला होता. सूडापोटी होणाऱ्या तक्रारींतून डॉक्टरांना वाचवण्याचा. तेव्हापासून पोलीस कागदपत्रं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवतात. समितीत तीन-चार डॉक्टर असतात, आणि तिच्याकडून बहुधा निष्कर्ष येतो: निष्काळजीपणा आढळून आला नाही, किंवा आढळून आला. समितीत कोणाचं मत वेगळं होतं का, कोणत्या मुद्द्यावर, कशामुळे, हे सहसा कळत नाही. वेगवेगळ्या शाखांच्या अनुभवी डॉक्टरांचं प्रत्येक प्रकरणात प्रत्येक मुद्द्यावर एकमत होतं, यावर माझा विश्वास नाही. वैद्यकात राहणाऱ्या कोणाचाही नसेल. मतभेद असतो, तो आतच विरतो. दुसऱ्या समितीने उलटं मत दिलं तर दोन निष्कर्ष समोरासमोर उभे राहतात आणि त्यांच्यात निवड करायला हाताशी काही नसतं. इंग्लंडमधली बैठकही बंद दाराआडच होते. फरक एवढाच की तिच्यातून कारणं बाहेर येतात.

ग्राहक न्यायालयांनी हा प्रश्न इकडून तिकडे टोलवला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण तज्ज्ञांच्या साक्षी लागतील अशी गुंतागुंतीची प्रकरणं दिवाणी न्यायालयात पाठवायला वाव ठेवला. २००९ च्या मार्टिन डिसूझा निकालाने म्हटलं की डॉक्टरला नोटीस काढण्याआधीच तज्ज्ञाचं मत घ्या. पुढच्याच वर्षी किशन राव निकालाने ते बंधन काढलं: प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही. त्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. मला किशन राव निकाल न्याय्य वाटतो, पण तो सोप्या प्रकरणांना पुरा पडतो. चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया झाली हे कळायला तज्ज्ञ लागत नाही; वीस मिनिटं थांबणं वाजवी होतं का हे ठरवायला लागतो.

मार्ग मात्र कायद्यात आधीपासून आहे. २००२ साली डॉ. जे. जे. मर्चंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगांना सांगितलं की तज्ज्ञाचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर घ्या, लेखी प्रश्न विचारा, उलटतपासणी लागलीच तर आयुक्त नेमून, फोनवर किंवा व्हिडिओवर करा. ते प्रकरण तोवर राष्ट्रीय आयोगात नऊ वर्षं अडकलं होतं. दोन तज्ज्ञांना लेखी प्रश्न विचारता येतात तर तेच प्रश्न दोघांपुढे एकत्र ठेवून संयुक्त निवेदन मागवायला काय हरकत आहे? दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत तर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून साक्ष घेण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग डोळ्यासमोर येतो तो पेटंटसारख्या वादांसाठी. कंपन्यांच्या तांत्रिक वादाला जी सोय मिळू शकते ती मूल गमावलेल्या घराला का मिळू नये, याचं उत्तर मला सापडत नाही.

दुसऱ्या तज्ज्ञाचा प्रश्न उरतो, आणि तो टाळून बैठकीची मागणी करणं म्हणजे रुग्णाला एकट्याने खिंडीत पाठवण्यासारखं आहे. रुग्णाच्या बाजूचा तज्ज्ञ आयोगानेच नेमावा, दुसऱ्या जिल्ह्यातून, शक्यतो दुसऱ्या राज्यातून. ज्याला त्या शहरात प्रॅक्टिस करायची नाही, ज्याच्याकडे त्या शहरातून रुग्ण पाठवले जात नाहीत, तो अधिक मोकळा असतो. व्हिडिओवरच्या बैठकीला अंतर आड येत नाही. त्याची फी ग्राहक कल्याण निधीतून द्यावी. हा निधी ग्राहकांसाठीच आहे, आणि आजारी माणसाइतका हतबल ग्राहक दुसरा नाही. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाला ‘तू कोणाच्या बाजूने आलास?’ हा प्रश्न व्यवसायात विचारला जाणार नाही. तो आदेशावरून आलेला असेल. बोलायला तयार असूनही मागे राहणाऱ्या डॉक्टरांना एवढंच हवं असतं, असा माझा अंदाज आहे.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे: प्रत्येक मतभेद लिहून ठेवला तर तो उद्या आमच्यावर उलटेल, आणि लोक शब्दाशब्दावर अडवतील. याची दुसरी बाजू त्यांनी पाहावी. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा आरोपातून सुटताना ‘निष्काळजीपणा आढळून आला नाही’ या एका ओळीवर कोणाचाही विश्वास बसत नाही. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांनी डॉक्टरला सोडलं. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला, तरी काचा फुटायच्या थांबल्या नाहीत. हल्ल्याचं समर्थन कुठल्याच परिस्थितीत होऊ शकत नाही. पण दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक रुग्णाच्या बाजूने नेमलेला, कारणं देऊन लिहिलं की इथे थांबणं वाजवी होतं, तर निर्दोष डॉक्टरच्या हाती आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम कागद येईल.

सुरुवातीला हे सगळ्या तक्रारींत करायची गरज नाही. बाळंतपण, भूल आणि अतिदक्षता विभाग या तीन क्षेत्रांतली, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाची प्रकरणं घ्यावीत. तिथे मिनिटांचे हिशोब असतात, नोंदी असतात आणि नेमके प्रश्न विचारता येतात. राज्य आयोगाने एका परिपत्रकाने प्रश्नावलीचा नमुना द्यावा, आणि तक्रारदाराला त्यात स्वतःच्या शब्दांत दोन प्रश्न घालू द्यावेत. ‘तेव्हाच मोठ्या दवाखान्यात का नाही पाठवलं?’ असा साधा प्रश्न कोणत्याही वकिलाला सुचणार नाही, आणि बहुतेक घरांना उत्तर त्याचंच हवं असतं. मत बदलणाऱ्याने कारण लिहायचं, ही अट पहिल्या दिवसापासून असावी. आणि निवेदन इंग्रजीत लिहिलं गेलं तरी त्याची मराठी प्रत तज्ज्ञांनीच तपासून सही करून द्यावी, म्हणजे बीडच्या किंवा गडचिरोलीच्या आईला ते वाचून दाखवायला वकिलाची वाट पाहावी लागणार नाही.